एकदा येऊन गेलेला डेंग्यू

नाळ अजून उडत होती. सिस्टरांनी ती चिमटीत हलकेच धरली होती आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. बाळ आईच्या पोटावर पालथं, अंगावर धुवून धुवून मऊ झालेला लुगड्याचा तुकडा. मी दोन पावलं मागे, रक्ताची रिकामी पिशवी धरून उभी. जानेवारीची रात्र, वणीकडची थंडी. बाहेर व्हरांड्यात बाळाची आजी शाल गुंडाळून बसली होती. कुणी बोलत नव्हतं. दोन मिनिटं झाली, अडीच झाली, चिमटीतला ठोका मंद होत होत थांबला. मग सिस्टरांनी चिमटे लावले, नाळ कापली, बाळाला आईच्या छातीशी दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता घ्या."

आमच्या कामात ही दोन-अडीच मिनिटं सगळ्यात महाग. बाळ बाहेर आल्यावरही वारेतलं रक्त नाळेवाटे त्याच्या अंगात जात असतं. नाळ लगेच कापली तर वारेत भरपूर रक्त उरतं आणि आमची पिशवी भरते. थांबलं तर ते रक्त बाळाला मिळतं आणि आम्हाला तीस-चाळीस मिलीलीटर मिळालं तरी खूप. जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबायला सांगते, कारण त्या रक्तातलं लोह बाळाला पुढचे कित्येक महिने पुरतं. आमच्याकडे निम्म्या बायका आठ-नऊ हिमोग्लोबिनवर कापूस वेचतात आणि तशाच बाळंत होतात. त्यांच्या लेकरांच्या वाट्याचं रक्त संशोधनाच्या नावाखाली पळवायचं नाही, हे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं. बाळाचं होऊन वारेत उरेल ते आमचं.

त्या उरलेल्या रक्तातून उंदराच्या अंगात माणसाची रोगप्रतिकारशक्ती उभी करायची आणि तिच्यावर डेंग्यूचा विषाणू सोडून काय होतं ते पाहायचं, हे माझं काम. मी या प्रकल्पात सहायक आहे. गावाकडे रक्त गोळा करायलाही मीच आणि प्रयोगशाळेत पिंजऱ्याशीही मीच. असं सहसा नसतं. मी हट्टाने तसं मागून घेतलं.

त्यामागे माझ्या आईचा एक प्रश्न आहे.

मी बारावीत असताना धाकट्या भावाला डेंग्यू झाला. पाच-सहा दिवस ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंगावर पुरळ, मग बरा. चार वर्षांनी पुन्हा झाला. या वेळी चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्ही निर्धास्त झालो, आईने मुगाची खिचडी टाकली, आणि त्याच संध्याकाळी त्याचं पोट फुगलं, हातपाय गार पडले. जो तो विचारत होता, "पेशी किती?" आमच्याकडे डेंग्यू म्हणजे पेशी. पपईच्या पानांचा रस, पेशी, रक्ताचा रिपोर्ट, पेशी. पण त्याचा जीव धोक्यात आला होता तो रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपत होतं म्हणून. ताप उतरतो तेव्हाच डेंग्यूचा खरा धोका सुरू होतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आधीच्या दवाखान्यात तर "ताप गेला, घरी न्या" असंच म्हणाले होते. मोठ्या रुग्णालयात सलाईनचा थेंब थेंब मोजत डॉक्टरांनी त्याला वाचवलं.

सातव्या दिवशी वॉर्डाबाहेर बसल्या बसल्या आई म्हणाली, "एकदा येऊन गेला ना तो ताप. गोवर एकदा आला की पुन्हा येत नाही. मंग हा दुसऱ्या खेपेले जास्त काहून आला?"

आई चौथी शिकलेली. पण डेंग्यूवर आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडलेला आहे. डेंग्यूचे चार प्रकार. एक होऊन गेला की त्याच्याविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला चिकटणारी प्रथिनं (अँटीबॉडी), तयार होतात आणि त्या प्रकारापासून संरक्षण मिळतं. पण दुसरा प्रकार आला की हीच जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात, मात्र त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट काही पांढऱ्या पेशी प्रतिपिंड चिकटलेली कोणतीही गोष्ट आत ओढून घेतात, तसा विषाणूही आत ओढला जातो आणि तिथेच वाढतो. शेतात चोर पकडून घरात आणून बांधावा आणि त्याने घरातलंच धान्य फस्त करावं, असा हा प्रकार. आईला मी असंच सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे कोनं पाह्यलं?"

पाहायचं कसं, हीच तर अडचण. माणसाला मुद्दाम आजारी पाडून पाहता येत नाही. साध्या उंदराला डेंग्यूचा विषाणू टोचला तर त्याला फारसं काही होतच नाही. याचं एक कारण २०१० साली उलगडलं. पेशीत विषाणू शिरला की धोक्याची वर्दी आतपर्यंत नेणारं स्टॅट-२ नावाचं एक प्रथिन असतं. डेंग्यूचा विषाणू माणसाच्या पेशीतलं स्टॅट-२ नष्ट करतो, उंदराच्या पेशीतल्या स्टॅट-२ला मात्र तो हात लावू शकत नाही. म्हणून उंदराची वर्दी वेळेवर पोचते आणि विषाणू आटोक्यात राहतो. हा विषाणू माणसासाठीच घडलेला आहे. त्याची लढाई पाहायची तर लढणाऱ्या पेशी माणसाच्याच हव्यात.

आणि माणसाच्या पेशी उंदरात टिकवायच्या तर आधी त्याची स्वतःची फौज काढून घ्यावी लागते. ही वाट फार वर्षांची आहे. १९८३ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला मेल्विन बोस्मा यांच्या प्रयोगशाळेत टी आणि बी या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच नसलेले उंदीर आढळले. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या दोन गटांनी तशा उंदरांत माणसाच्या प्रतिकारपेशी रुजवून दाखवल्या. पण त्या नीट टिकत नव्हत्या. पुढे २००२ च्या सुमारास जपानमध्ये आणि २००५ साली अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत अशी वाणं तयार झाली की ज्यांच्यात टी नाही, बी नाही, परक्या पेशी मारणाऱ्या एनके पेशीही नाहीत. आम्ही वापरतो ते एनएसजी उंदीर हे त्यातलं दुसरं वाण. यांच्यात आणखी एक गोष्ट जमून आली आहे. माणसाच्या पेशीच्या अंगावर 'मला खाऊ नको' असं सांगणारी एक खूण असते, आणि या वाणाच्या भक्षक पेशींना ती खूण ओळखता येते. म्हणून त्या पाहुण्या पेशींना खात नाहीत. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा बराच वेळ तसंच पुस्तक धरून बसले होते.

आता गावाकडे येते. सगळ्यात जास्त शिकले ती संमतीपत्र लिहिताना. माणसाच्या नमुन्यांसाठी एक समिती, प्राण्यांसाठी एक, मूलपेशींसाठी एक, अशा तिघींची परवानगी झाल्यावर शहरातून मराठी संमतीपत्र आलं. त्यात लिहिलं होतं, "गर्भनाळ रक्तातील रक्तोत्पादक मूलपेशींचे मूषक प्रतिमानात प्रत्यारोपण." मी ते आमच्या आशाताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ताई, हे मीच सही नाही करणार." आम्ही दोघींनी चार रविवार बसून ते पुन्हा लिहिलं. मूलपेशीला काय म्हणावं यावर अडलो. शेवटी आशाताईच म्हणाल्या, "बेणं म्हणा ना. रक्ताचं बेणं." उसाचं, हळदीचं, अद्रकाचं बेणं इथल्या प्रत्येकीला माहीत. थोडंसं ठेवायचं आणि त्यातून सगळं पुन्हा उगवायचं. इतका नेमका शब्द मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळाला नव्हता. समितीने तो मान्य केला.

संमती कळा सुरू झाल्यावर मागायची नाही, हाही नियम. सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीला येतात तेव्हा सांगायचं, घरी विचार करायला वेळ द्यायचा, आणि सही बाईचीच. सासू बोलते, नवरा बोलतो, पण बाई गप्प राहिली तर ते 'हो' धरायचं नाही. प्रश्न फार खोल येत. "उंदराले आमच्या लेकराचा चेहरा येते का?" नाही, फक्त रक्तातल्या पेशी. "मले सिकलसेल हाय, माह्यं चालते का?" आमच्या भागात रक्ताचा हा आनुवंशिक आजार पुष्कळ, म्हणून हा प्रश्न प्रत्येक आठवड्याला. आणि जवळजवळ प्रत्येक सासूने विचारलेला प्रश्न: "तिकडं उंदीर मेला, त इकडं पोट्ट्याले काही होईन का?" हा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेला नाही. नाळ पुरायची जागा ठरवणाऱ्या, ती कुत्र्या-मांजराच्या तोंडी लागू नये म्हणून जपणाऱ्या घरातून तो येतो. अंगातून निघालेल्या गोष्टीशी नातं तुटत नाही, असं त्या मानतात. मी सांगायची की जे रक्त आम्ही घेतो ते बाळाच्या अंगातून सुटून वारेत राहिलेलं असतं, एरवी ते वारेसकट फेकलं जातं, त्याचं काही झालं तरी बाळाला इजा नाही. काहींना पटलं. काहींनी नको म्हटलं. एकीने सही केली आणि नवव्या महिन्यात येऊन म्हणाली, "मन मानत नाई." मी तिचा कागद तिच्यासमोर फाडला.

जानेवारीतल्या त्या रात्रीच्या आजीने मात्र एक अट घातली होती. "सुकून पडनारी नाय आमची. थे आमी पुरू. बाकी न्या. पन काय झालं थे सांगाले येजा." नाय म्हणजे नाळ. मी शब्द दिला.

पहिली पिशवी माझ्या हातून वाया गेली होती, म्हणून त्या शब्दाचं मला फार ओझं वाटत होतं. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून औषध आधीच असतं, पण रक्त उतरत असताना ती सारखी हलवावी लागते. पहिल्या वेळी मी ती ट्रेमध्ये ठेवून फॉर्म भरत बसले. उचलली तेव्हा तळाशी काळपट गुठळी. दुसऱ्या दिवशी मी त्या बाळंतिणीच्या खाटेशी जाऊन सांगितलं की माझ्या चुकीने तुमचं रक्त वाया गेलं. ती काही बोलली नाही, बाळाचं दुपटं सारखं करत राहिली. मला ती बोलली असती तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून पिशवी पूर्ण भरून मिसळेपर्यंत मी ती खाली ठेवत नाही, फॉर्म दुसऱ्या कुणीतरी भरायचा. पुढे एकदा ने-आण करणाऱ्या मंडळींनी पिशवी थेट बर्फाच्या पाकिटांवर ठेवली. पोचली तेव्हा पेशी फुटून सगळं गडद लाल सरबत झालेलं. मग ठरवलं, पेटी घेऊन मीच जाणार.

त्या रात्री अडतीस मिलीलीटर रक्त मिळालं. पहाटे चार वाजता निघालो. वरोरा, जाम, बुटीबोरी. जामच्या चौकात ड्रायव्हर चहाला थांबला, मी पेटी मांडीवर घेऊन गाडीतच बसले. नागपूरहून सकाळचं विमान, आणि दुपारी बाराच्या आत आम्ही प्रयोगशाळेत.

इथून पुढचं काम हातांचं आहे. नळीत आधी फायकॉल नावाचं जड पारदर्शक द्रावण, त्यावर नळीच्या भिंतीला लावून, अगदी हळू, पातळ केलेलं रक्त सोडायचं. दोघं मिसळता कामा नयेत. मग अर्धा तास यंत्रात फिरवायचं. बाहेर काढलं की तळाशी लाल पेशी, वर पिवळसर पाणी, आणि मधोमध तापवून निवलेल्या दुधावरच्या सायीसारखं पांढुरकं कडं. पांढऱ्या पेशी तिथे. ती साय ड्रॉपरने उचलताना श्वास आपोआप रोखला जातो. या सायीतही आमचं बेणं शंभरात एखादंच, किंवा त्याहूनही कमी. त्या पेशींच्या अंगावर सीडी-३४ नावाची खूण असते. तिला चिकटणारे सूक्ष्म लोहकण घालायचे आणि सगळं मिश्रण चुंबकात बसवलेल्या नळीतून सोडायचं. बाकीच्या पेशी वाहून जातात, बेणं अडकून राहतं. चुंबक काढला की ते खाली उतरतं. अडतीस मिलीलीटरमधून शेवटी हातात आलं ते सुईच्या टोकाएवढं, नळीच्या तळाशी दिसेल न दिसेल असं.

वरचं पिवळसर पाणीही मी फेकलं नव्हतं. आई गरोदरपणात आपली प्रतिपिंडं वारेतून बाळाला देते, ती त्यात असतात. आमच्या भागात बहुतेक बायांना कधी ना कधी डेंग्यू होऊन गेलेला, कळत किंवा नकळत. माझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला हे पाणी लागणार होतं.

इकडे बाळंतपण आणि तिकडे उंदरिणीचं बाळंतपण एकाच वेळी जुळणं ही नशिबाची गोष्ट. बहुतेक वेळा पेशी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवून वाट पाहावी लागते. या वेळी जुळलं. दोन दिवसांची नऊ पिल्लं होती. इतकी लहान की त्वचेतून पोटातलं दूध पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं आणि शेजारी यकृताची गडद लाल पाकळी. त्यांना आधी थोडा किरणोत्सर्ग द्यायचा, म्हणजे अस्थिमज्जेत नव्या पेशींना जागा होते. मग त्या पाकळीत, केसाएवढ्या सुईने, आपलं बेणं. नऊपैकी सात पिल्लांना पेशी दिल्या, दोघांना नुसतं द्रावण, तुलनेसाठी. हातमोजे आधी त्यांच्याच घरट्यातल्या भुशात चोळून घ्यायचे. परका वास आला तर आई पिल्लांना खाईल अशी भीती असते. मी पिल्लं परत ठेवली आणि काचेबाहेर उभी राहिले. ती आली, एकेकाला हुंगलं, तोंडात धरून कोपऱ्यात ओढलं आणि त्यांच्यावर पसरून बसली. मला तेव्हा वणीच्या त्या खाटेवरची बाळंतीण आठवली.

मग वाट पाहणं. या उंदरांना साधी बुरशीही मारू शकते, म्हणून पिंजऱ्यात गाळलेली हवा, वाफेवर निर्जंतुक केलेलं खाणं, भुसा, पाणी. आत जाताना आपणही पायापासून डोक्यापर्यंत झाकलेले. बाराव्या आठवड्यात गालाच्या शिरेतून दोन थेंब रक्त घेतलं. त्या पेशींना रंगीत खुणा लावून लेझरसमोरून एकेक पेशी सोडली की संगणकावर ठिपके उमटतात. उंदराच्या पेशी एका कोपऱ्यात, माणसाच्या दुसऱ्या. आधीच्या एका बाळाच्या तुकडीत माणसाचा कोपरा जवळजवळ रिकामाच राहिला होता, तीन महिन्यांची मेहनत आणि त्या बाईचं दान दोन्ही गेलं होतं. या वेळी ठिपक्यांचा दाट ढग आला. सातपैकी पाच उंदरांत निम्म्याच्या आसपास पेशी माणसाच्या. आधी बी पेशी, मग चौदाव्या-पंधराव्या आठवड्यात टी पेशीही दिसू लागल्या. हे सगळं एका लेकराचं. त्या पाचांच्या अंगात एकाच बाळाची फौज होती, आणि या पद्धतीचं मोल मला इथेच सगळ्यात जास्त वाटतं. वेगळ्या बाळाचं बेणं घेतलं की त्याच विषाणूला वेगळा प्रतिसाद मिळतो. गावात एकाच घरात एकाला नुसती कणकण येते आणि दुसरा सलाईनवर जातो, ते वेगळेपण असं पिंजऱ्यात शेजारी शेजारी ठेवून पाहता येतं.

यात काही कमीही आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. पेशी माणसाच्या असल्या तरी रक्तवाहिन्या आणि यकृत उंदराचंच. त्यामुळे माझ्या भावाच्या पोटात पाणी कसं झिरपलं ते यात जसंच्या तसं दिसणार नाही. या उंदरांत माणसाची प्रतिपिंडंही नीट पक्व होत नाहीत, बहुतेक सुरुवातीच्याच प्रकारची राहतात. विषाणूला आत ओढणाऱ्या भक्षक पेशी कमी तयार होतात, कारण त्यांना वाढवणारे उंदराचे संदेश माणसाच्या पेशींना समजत नाहीत. म्हणून माणसाचे ते संदेश देणारी नवी वाणं पुढे तयार केली गेली.

तरी डेंग्यूपुरतं या उंदरांनी बरंच दाखवलं आहे. २००९ साली रेबेका रिको-हेसे यांच्या गटाने दाखवलं की अशा उंदरांना माणसासारखा ताप येतो, पुरळ उठतं, बिंबिका घटतात. लोक ज्यांना पेशी म्हणतात त्या याच. २०१२ साली त्याच गटाने सुईऐवजी खऱ्या डासांकडून चावून घेतलं, तर रक्तात विषाणू जास्त वाढला आणि जास्त दिवस टिकला. म्हणजे डासाची लाळही या लढाईत भाग घेते.

आमच्या पाच उंदरांपैकी तिघांना आधी त्या पिवळसर पाण्यातली प्रतिपिंडं दिली, दोघांना नाही. मग सगळ्यांना विषाणू. नुसतं द्रावण दिलेल्या दोघांच्या रक्तात विषाणू वाढलाच नाही. पाचांच्या रक्तात तो चढला. मी रोज सकाळी वजन करायची, ताप मोजायची. चौथ्या दिवशी त्यातला एक उंदीर अंग फुलवून, पाठ बाकदार करून एका कोपऱ्यात बसलेला दिसला. त्याचे डोळे अर्धे मिटलेले. वजन पाचव्या हिश्श्याने घटलं की थांबायचं, दुःख लांबवायचं नाही, असा नियम आहे. त्याला शांत करण्याचं काम मी दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. प्रतिपिंडं दिलेल्या तिघांत आणि न दिलेल्या दोघांत काय फरक पडला, हे एका बाळाच्या तुकडीवरून सांगायचं नसतं. तसं सांगणारा स्वतःला आणि लोकांना फसवतो. आठ-दहा बाळांच्या तुकड्या झाल्या की आकडे बोलतील. आता सहावी चालू आहे.

शब्द दिला होता म्हणून तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी त्या घरी गेले. गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत होती. बाळ सात महिन्यांचं झालेलं, अंगणात सतरंजीवर बसवलेलं, पुढ्यात चाकाचा बैल. आजीने ओळखलं. मी ठिपक्यांचा छापलेला कागद काढून सांगितलं, हा कोपरा उंदराचा, हा तुमच्या नातवाचा. तिने त्या ढगावर बोट ठेवलं. "हे सारे आमचे व्हय?"

"हो आजी. एवढ्याशा बेण्यातून उगवले."

"उंदीर?"

"नाही राहिले. विषाणू दिल्यावर त्यांना शांत केलं आणि नियमाप्रमाणे जाळलं."

ती गप्प बसली. मग उठली आणि मला परसात घेऊन गेली. न्हाणीजवळ, निंबाच्या बुडाशी, दगड ठेवलेली जागा. "नाय इथं हाय," एवढंच म्हणाली. आम्ही दोघी तिथे थोडा वेळ उभ्या राहिलो.

परतताना माझं लक्ष भिंतीला टेकवलेल्या कूलरकडे गेलं. जूनमध्ये बंद करून ठेवलेला, तळाशी पावसाचं चार बोटं पाणी. वाकून पाहिलं तर पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. बाळ सात महिन्यांचं. आईकडून आलेली प्रतिपिंडं या वयात विरळ होत जातात, रोखायला कमी पडतील पण विषाणूला चिकटायला पुरतील इतकीच उरतात. पहिल्याच डेंग्यूत तान्ही लेकरं गंभीर होतात ती बहुतेक सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान. मी सूनबाईला बोलावून हे सांगितलं, जसं माझ्या आईला सांगितलं होतं तसंच, चोर आणि घराचं. ती लगेच पाणी ओतायला वाकली.

"नुसतं ओतून नाही जमत," मी म्हटलं. "डासाची अंडी पाण्याच्या वरच्या कडेला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, पाणी लागलं की फुटतात. घासावं लागेल."

आजीने नारळाची शेंडी आणली. सूनबाईने कूलर आडवा केला, गवताच्या जाळ्या काढून उन्हात टाकल्या. मी बाह्या सारल्या आणि टाकीच्या आतल्या कडेला, जिथे पाण्याची पांढरी रेघ उमटलेली होती, तिथून घासायला सुरुवात केली. आजी समोर बसून दुसरी बाजू घासत होती. मधेच तिने मान वर करून विचारलं, "मोरीतल्या रांजनालेबी लागते का हे अंडे?"

"लागतात."

"मंग थोबी काढू," असं म्हणून तिने सुनेला हाक मारली.